गाडणे, पुरणे आणि आपण

गेल्या महिन्यात आमच्या गावातले चाचा गेले. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं, स्टँडजवळ. आमच्या तीन पिढ्यांनी त्यांच्याकडे पंक्चर काढून घेतलं असेल. बातमी गावाच्या ग्रुपवर सकाळी आली आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. त्या रांगेत आमच्या आळीतल्या एका पोराने विचारलं, "किती वाजता गाडणार आहेत?"

पाच मिनिटं ग्रुप शांत. मग कुणीतरी चिडून लिहिलं, "जरा तोंड सांभाळून." दुसऱ्याने लिहिलं, "मग काय म्हणायचं? जाळतात तर जाळतात, गाडतात तर गाडतात." तिसऱ्याने लगेच त्यात धर्म आणला. दुपारपर्यंत ऐंशी मेसेज झाले असतील. शेवटी चाचांच्या मुलानेच लिहिलं, "गाडत नाही रे, दफन करतो. असरनंतर आहे, ये."

एवढंच. पण तेव्हापासून तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीये. आता जुलै आलाय. वर डोंगराला ढग टेकलेत आणि बातम्यांमध्ये पुन्हा तोच शब्द दिसायला लागेल, 'गाडले गेले'. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. वेळ काढून वाचा.

मी काही भाषेचा प्राध्यापक नाही. पण माणूस मातीत जाण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत, ते मोजायला बसलो तर दोन हातांची बोटं अपुरी पडली. पुरणे. गाडणे. दफन करणे. मातीआड करणे. माती देणे. मूठमाती. समाधी देणे. आणि आपल्याकडे गावात सरळ म्हणतात, "काल मातीला गेलो होतो." गंमत बघा, ज्याच्या मातीला गेलो त्याला अग्नी दिलेला असतो, तरी आपण 'मातीला'च जातो. म्हणजे जाळण्याची रीत असलेल्या माणसांच्या तोंडातही शेवटचा शब्द मातीचाच.

आता यातले दोन शब्द बाजूला काढू, कारण ते रोजचे आहेत आणि त्यांच्यात आपण गल्लत करतो. पुरणे आणि गाडणे.

अर्थ बघायला गेलं तर एकच. खड्डा करायचा, आत ठेवायचं, वर माती लोटायची. 'गाडणे'चं मूळ प्राकृतातल्या 'गड्ड' म्हणजे खड्डा या शब्दाशी सांगतात. 'पुरणे'चं नातं 'भरणे' या अर्थाच्या जुन्या धातूशी लावतात. एकात खड्डा आहे, दुसऱ्यात तो खड्डा भरणं आहे. कागदावर फरक एवढाच.

पण बोलण्यात फरक केवढा पडतो ते बघा.

बाळ जन्मलं की त्याची नाळ आपण पुरतो. गाडत नाही. "माझी नाळ इथं पुरलीय" म्हणणारा माणूस गावाशी असलेलं नातं सांगत असतो. दात यायच्या आत गेलेलं लेकरू अग्नीला देत नाहीत, त्याला पुरतात. घरातली म्हातारी त्या जागेकडे बोट दाखवून सांगते, "तिथं माझं पहिलं पुरलंय." "गाडलंय" असं ती कधी म्हणणार नाही. जीभच वळणार नाही. घरातली मांजर मेली तर मुलं रडत रडत परसात पुरतात, वर जास्वंदीचं फूल ठेवतात.

आणि गाडतो कुणाला? शत्रूला. "इथंच गाडीन तुला." निवडणूक आली की व्यासपीठावरून पहिला शब्द हाच, "यांना गाडल्याशिवाय राहणार नाही." कामाच्या ओझ्याखाली माणूस गाडला जातो. फायलींखाली अर्ज गाडला जातो. ढिगाऱ्याखाली वाडी गाडली जाते.

हा नियम काही पोलादी नाही, हेही मान्य करतो. खून करून प्रेत पुरल्याच्या बातम्या आपण वाचतोच, तिथे 'पुरणे' म्हटलं म्हणून त्यात माया येत नाही. आणि जुन्या माणसांच्या तोंडी 'गाडणे' अगदी साधेपणाने येतं, त्यात अपमान नसतो. आमच्या आळीतल्या पोराच्या मनातही काही वाकडं नव्हतं. त्याने जो शब्द टीव्हीवर, भाषणात आणि रीलमध्ये रोज ऐकला तो वापरला. म्हणून मी त्या दिवशी त्याच्यावर चिडलो नाही. चिडायचं असेल तर ज्यांनी त्याच्या कानात फक्त हाच शब्द घातला त्यांच्यावर चिडायला हवं.

माझ्यापुरता मी फरक असा समजतो. पुरायला हात लागतात, गाडायला फक्त ओझं लागतं. पुरणारा कोण ते माहीत असतं. तो खाली वाकतो, मूठभर माती उचलतो, आत टाकतो, जागा लक्षात ठेवतो. गाडण्याला यातलं काहीच लागत नाही.

आणि या बाबतीत आपल्या रायगडच्या किनाऱ्याला कुणी बाहेरच्याने शिकवायची गरज नाही. इथल्या मातीत कोण कोण आहे ते जरा आठवा. अलिबाग शहरात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. १७२९ साली ते गेले. दर्याचा एवढा मोठा सरखेल, आणि आज आपण भाजी घ्यायला जाता-येता त्या समाधीवरून जातो. खाली मुरुडला जाल तर खोकरीला सिद्दींचे घुमट आहेत. कान्होजी आणि सिद्दी हयातभर समुद्रावर एकमेकांशी भांडले. आता एक अलिबागेत निजलाय, दुसरा खोकरीला, आणि दोन्ही ठिकाणी शाळेच्या सहली जातात. रेवदंडा-कोर्लईला ख्रिस्ती माणसं आहेत, त्यांची त्यांची दफनभूमी आहे. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या मोहल्ल्यांना कबरस्तानं आहेत. आणि ज्यांच्या दर्शनाला सगळा महाराष्ट्र चढून जातो त्या शिवाजी महाराजांची समाधी आपल्याच जिल्ह्यात, रायगडावर. महाराजांना अग्नी दिला तो १६८० साली, तरी शब्द 'समाधी'. शब्द शरीराच्या हिशेबाने चालत नाहीत, आदराच्या हिशेबाने चालतात.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती नवगावची जागा.

आपल्यातल्या कितीजणांनी ती पाहिलीय माहीत नाही. अलिबागच्या उत्तरेला, किहीमच्या अलीकडे, समुद्राजवळ बेने इस्राएल लोकांचं जुनं दफनस्थान आहे. त्यांची परंपरा असं सांगते की खूप शतकांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांचे देह लाटांनी वाळूवर आणून टाकले. त्या देहांना नवगावला पुरलं, पुरुषांना एका ठिकाणी आणि बायकांना दुसऱ्या ठिकाणी. ते दोन उंचवटे आजही दाखवतात. जे वाचले ते इथेच राहिले. तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. गावांची नावं त्यांनी आडनावात घेतली. नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर. पुढे बहुतेक जण मुंबईला आणि मग इस्रायलला गेले. अलिबागच्या इस्राएल आळीत आता मोजकी घरं उरलीत. पण परदेशातून आलेली नातवंडं-पतवंडं अजून नवगावला येऊन उभी राहतात, कारण पूर्वजांना कुठे पुरलंय ते त्यांना माहीत आहे.

शतक कुठलं, जहाज कुठून आलं, यावर अभ्यासक वाद घालोत. माझा मुद्दा वेगळा आहे. नाव नाही, गाव नाही, भाषा माहीत नाही, अशा माणसांचे देह किनाऱ्यावर आले आणि त्यांना कुणीतरी हातांनी मातीआड केलं. जागा लक्षात ठेवली. पुढच्याला सांगितली. त्याने त्याच्या पुढच्याला सांगितली. पुरणे या क्रियापदाचा पूर्ण अर्थ मला तिथे दिसतो. माती लोटली की ते काम संपत नाही. "इथं आहेत" असं सांगणारं कुणीतरी मागे राहावं लागतं.

आता समुद्राकडे पाठ करून डोंगराकडे बघू. जिल्हा एकच आहे आपला. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला सह्याद्री. पाऊस दोघांवर सारखाच पडतो.

१९ जुलै २०२३. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर समाजाची वाडी. रात्री लोक झोपायच्या वेळेला डोंगर खाली आला. वाडीला रस्ता नव्हता. बचाव पथकं अंधारात, पावसात, चिखलातून पायी वर गेली. नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक जवान ती चढण चढतानाच गेला. जेसीबी वर नेता येत नव्हता, हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरत नव्हतं. कुदळ, फावडी आणि हात, एवढ्यावर चार दिवस शोध चालला. २३ जुलैला तो थांबवला. तोपर्यंत २७ मृतदेह मिळाले होते. ५७ माणसं मिळाली नव्हती.

त्या ५७ जणांबद्दल आपण काय लिहिलं ते आठवा. सगळ्या पेपरांनी, सगळ्या चॅनेलांनी आणि मीसुद्धा लिहिलं, 'गाडले गेले'. सरकारी कागदात शब्द आला 'बेपत्ता'. नंतर आला 'मृत घोषित'.

ते पुरले गेले का? नाही. त्यांचं दफन झालं का? नाही. समाधी? भाषणात कुणी तसं म्हणेल, पण समाधी देतात, ती अशी आपोआप होत नाही. त्यांना अग्नी दिला का? तोही नाही. या सगळ्या शब्दांपैकी एकही त्यांना लागू पडत नाही. उरतो फक्त 'गाडले गेले'. तिथे शोध थांबवणं बरोबर होतं की चूक, यात मी जात नाही. वरचा डोंगर पुन्हा सुटायची भीती होती, देहांची अवस्था वाईट होती, नातेवाइकांशी बोलूनच तो निर्णय झाला. हे सगळं खरं. पण निर्णय झाला म्हणून शब्दाचं ओझं कमी होत नाही.

आणि हे एकदाच झालेलं नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई आणि दासगाव. ३० जुलै २०१४ ला शेजारच्या पुणे जिल्ह्यात माळीण, १५१ माणसं. तिथे सकाळी एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला तेव्हा गावच जागेवर नव्हतं, त्याने ते येऊन सांगितलं तेव्हा जगाला कळलं. २२ जुलै २०२१ ला पुन्हा महाड तालुका, तळीये. ऐंशीहून जास्त माणसं गेली आणि तिथेही सगळे देह मिळाले नाहीत, शोध थांबवावा लागला. महिना बघा. जुलै, जुलै, जुलै, जुलै, जुलै.

आता व्याकरणाकडे जरा लक्ष द्या. शाळेत शिकलो होतो ना, कर्तरी प्रयोग, कर्मणी प्रयोग. "रामाने खड्डा खणला" यात करणारा राम आहे. "वाडी गाडली गेली" यात करणारा कोण? कुणीच नाही. वाक्य पूर्ण आहे आणि कर्ता गायब आहे. आपल्याला हे वाक्य इतकं आवडतं, कारण ते कुणाकडेच बोट दाखवत नाही. डोंगर होता, पाऊस होता, दरड कोसळली, वाडी गाडली गेली. निसर्गाचा कोप. दोन मिनिटं मौन. पाच लाखांचा धनादेश. पुढचा विषय.

कुणी म्हणेल, डोंगर काय कुणी ढकलला का? नाही ढकलला. एवढा पाऊस एका रात्रीत पडला तर कुठल्याच सरकारच्या हातात काही नसतं, हेही मान्य. पण घटना घडल्यानंतर विधिमंडळात सांगण्यात आलं की इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. मग यादी कोण करतं? कधी करतं? वर जाऊन करतं की नकाशा बघून करतं? यादीत जी गावं आहेत त्यांचं पुढे काय होतं? वाडीला रस्ता नव्हता तो कुणी द्यायचा होता? हे प्रश्न विचारले की वाक्याला कर्ता मिळायला लागतो. एकच कर्ता नाही मिळणार, दहा मिळतील. पण मिळतील.

म्हणून माझी पहिली विनंती पत्रकार मित्रांना आणि आपल्यासारख्या लिहिणाऱ्या सगळ्यांना. 'गाडले गेले' लिहायचं तर लिहा, पण पूर्णविराम देऊ नका. पुढे स्वल्पविराम द्या आणि लिहा, वाडी यादीत होती की नव्हती, इशारा मिळाला होता की नव्हता, वर पोचायला रस्ता होता की नव्हता.

दुसरी गोष्ट कागदाची. माणूस बेपत्ता असेल आणि त्याचा काहीच मागमूस नसेल तर तो मेला असं कायद्याने धरायला सात वर्षं जावी लागतात. जुन्या साक्ष कायद्यात हे कलम १०८ होतं, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते १११ आहे. मोठ्या आपत्तीनंतर सरकार वेगळी प्रक्रिया करून आधीच मृत घोषित करू शकतं आणि तसं करतंही. इर्शाळवाडीत, तळीयेत तो मार्ग काढला गेला, ते बरंच झालं. पण हे आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांना विचारा. होडी बुडाली, तांडेल सापडला, खलाशी सापडला नाही. तेव्हा टीव्ही येत नाही, मंत्री येत नाहीत. एका माणसासाठी विशेष प्रक्रिया कोण करणार? बायको वर्षानुवर्षं कपाळावरच्या कुंकवाचं काय करायचं ते ठरवू शकत नाही. विम्याचा कागद, रेशनकार्डावरचं नाव, बँकेतले पैसे, सगळं 'बेपत्ता' या एका शब्दापाशी अडतं. तिच्या दृष्टीने तोही गाडलाच गेलाय, फक्त मातीऐवजी पाण्यात आणि कागदात. दफन आणि दफ्तर हे दोन शब्द वेगवेगळ्या मुळांचे आहेत असं कोश सांगतो. सरकारी कचेरीत चार खेपा घातल्या की कोशावरचा विश्वास उडतो.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. डोंगरातल्या वाड्यांबद्दल बोलताना आपण खाली राहणारे फार पटकन म्हणतो, "त्यांना सांगितलं होतं खाली या म्हणून. ऐकत नाहीत ते लोक." मीही म्हटलंय पूर्वी. आता म्हणत नाही. ज्या माणसाची, त्याच्या बापाची, आज्याची नाळ त्या उतारावर पुरलीय, ज्याची नाचणी-वरी त्या उतारावर पिकते, ज्याचा देव त्या झाडाखाली आहे, त्याला तुम्ही "खाली ये" म्हणता तेव्हा तुम्ही त्याला काय देताय ते तरी सांगा. पत्र्याची खोली? ती किती वर्षं? जमीन कुणाच्या नावावर? खाली आल्यावर काम काय? जळण कुठून आणायचं? नाळ पुरलेली जागा सोडायला माणूस तयार होतो, पण हे प्रश्न तोंडी आश्वासनावर सुटत नाहीत. "पावसाळ्यापुरतं शाळेत येऊन राहा" हे उत्तर नाही, ती पुढे ढकललेली तारीख आहे.

मग करायचं काय? मी काही तज्ज्ञ नाही, पण गावपातळीवर होण्यासारख्या तीन गोष्टी सुचतात.

एक. दरडप्रवण गावांची आणि वाड्यांची यादी दर वर्षी पावसाआधीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. यादी तहसीलच्या कपाटात असून उपयोग नाही. ती वाचली की लोकच सांगतील, "आमच्या वाडीचं नाव नाही यात, आणि वर भेग पडलीय ती येऊन बघा." भेग सगळ्यात आधी गुराख्याला दिसते.

दोन. जिथे माणसं बाहेर काढता आली नाहीत, त्या प्रत्येक जागेची कागदोपत्री नोंद दफनस्थळ म्हणून व्हावी. तिथे उद्या रिसॉर्ट नको, प्लॉट नको, सेल्फी पॉइंट नको. आपल्या जिल्ह्यात जमिनीचे भाव कसे चाललेत ते मी सांगायला नको. आज जी जागा बघून अंगावर काटा येतो, तिची वीस वर्षांनी 'व्हॅली व्ह्यू' म्हणून जाहिरात येणार नाही याची खात्री कुणी देईल का?

तीन. नावं. आकडा नको, नावं हवीत. २७ आणि ५७ हे आकडे मी वर लिहिले, पण मला त्यातलं एकही नाव पाठ नाही, तुम्हालाही नसेल. प्रत्येक ठिकाणी दगडावर पूर्ण नावं कोरलेली हवीत, लहान मुलांसकट, ज्यांचं अजून शाळेतही नाव घातलं नव्हतं त्यांच्यासकट. माळीणला मृतांचं स्मृतिस्थळ उभं राहिलं. नवगावच्या माणसांची नावं काळाने पुसली, तरी जागा राहिली. आपल्याकडे तर नावंही आहेत. मग ती का राहू नयेत?

या तीन गोष्टींनी गेलेली माणसं परत येणार नाहीत. पण ज्यांना हातांनी माती देता आली नाही, त्यांना ती उशिरा का होईना देता येईल. माझ्या मते 'गाडले गेले'चं 'पुरलं' करणं म्हणजे हेच. जागा सांभाळणं, नाव सांगणं आणि पुढच्या वाडीवर तीच वेळ येऊ न देणं.

आता भाषणातल्या 'गाडू'बद्दल दोन शब्द, आणि संपवतो.

गेली काही वर्षं महाराष्ट्रात कबर, समाधी, गाडला, उखडून टाका, यावर किती गदारोळ झाला ते आपण पाहिलंय. कुठल्या पक्षाचं बरोबर ते ज्याने त्याने ठरवावं. मला फक्त एवढंच दिसतं, की प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची कबर आहे. जो मारायला आला होता त्यालाही मेल्यावर खड्डा मिळाला, माती मिळाली, जागा मिळाली. मेल्यावर वैर संपतं असं आपली म्हातारी माणसं सांगत आली. ज्यांचं नाव घेऊन आपण 'गाडू, गाडू' ओरडतो, त्यांच्याच मुलखात ही कबर आहे. तेव्हा हा शब्द तोंडात घेण्याआधी एकदा विचार करावा. जो शब्द आपण शत्रूसाठी धार लावून ठेवला, तोच शब्द इर्शाळवाडीतल्या झोपलेल्या लेकरांसाठी वापरायची वेळ आपल्यावर आली. भाषेत तेवढा एकच शब्द शिल्लक असेल तर आपलंच चुकलंय कुठेतरी.

मराठीत एक सुंदर वाक्प्रचार आहे, 'पुरून उरणे'. "मी तुम्हा सगळ्यांना पुरून उरेन" असं म्हणतात ना, तो. त्यातलं 'पुरणे' हे पुरेसं होण्याचं आहे, मातीचं नाही, हे मला माहीत आहे. तरी तो वाक्प्रचार ऐकला की मला नवगाव आठवतं. मातीत जाऊनही जे उरलेत ते.

राहता राहिला आमच्या आळीतला पोरगा. त्या दिवशी असरनंतर तो आला होता. माझ्याआधीच येऊन पोचला होता. मागे भिंतीला टेकून उभा होता, काय करायचं त्याला माहीत नव्हतं. चाचांच्या मुलाने त्याला हाताने पुढे बोलावलं आणि दाखवलं, अशी तीन वेळा माती टाकायची. त्याने टाकली. परत येताना मला म्हणाला, "काका, माझ्या पहिल्या सायकलची चेन चाचांनीच बसवली होती." मी म्हटलं, "ते ग्रुपवर लिही." त्याने लिहिलं. त्याच्याखाली कुणी भांडलं नाही.

तुमच्या गावात, तुमच्या समाजात या गोष्टीला कोणता शब्द वापरतात? कोळीवाड्यात, ठाकरवाडीत, मोहल्ल्यात, घाटावर? कमेंटमध्ये लिहा. भांडायचं असेल तर फोन करा, कमेंटमध्ये नको. आणि तुमच्या गावच्या वर एखादी वाडी असेल, तर या आठवड्यात एकदा फोन लावून विचारा, "भेग पडलीय का कुठे?" विचारायला पैसे लागत नाहीत.